धुराड्यातील कार्बन डाय-ऑक्साइड : एका व्यापारी विद्येचा इतिहास

औष्णिक विद्युत्‌केंद्राच्या धुराड्यातून वाया जाणारा कार्बन डाय-ऑक्साइड वेगळा काढून उपयोगात आणण्याची विद्या हवामानबदलाच्या चिंतेतून जन्मास आली, असा समज आज बराच रूढ आहे. कालक्रम त्याच्या विरुद्ध साक्ष देतो. हा वायू प्रथम पकडला गेला तो माल म्हणून. उपद्रव म्हणून त्याची गणना पुष्कळ नंतर झाली. हा क्रम ध्यानात न घेतल्यास या उद्योगातील यशापयशांचा उलगडा होत नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शीतपेये व कोरडा बर्फ यांना लागणारा वायू मिळविण्याकरिता कोक मुद्दाम जाळीत, त्याचा धूर पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणातून नेत आणि ते द्रावण तापवून सुटणारा वायू साठवीत. म्हणजे वायूसाठी इंधन जाळले जाई. १९३० साली अमेरिकेत आर. आर. बॉटम्स यांना एथॅनॉल अमाइन वर्गातील द्रावणांच्या योजनेचे पेटंट मिळाले. असे द्रावण सुमारे ४० अंश सेल्सिअसला आम्लधर्मी वायू शोषून घेते, सुमारे १२० अंशांपर्यंत तापविले की सोडून देते आणि थंड होऊन पुन्हा कामास येते. नैसर्गिक वायूच्या शुद्धीकरणात ही रीत रुळली. धुराड्याशी मात्र तिचे सहजी जमले नाही. धुराचा दाब वातावरणाइतकाच असतो व कोळशाच्या धुरात या वायूचे प्रमाण शेकडा १२ ते १५ एवढेच भरते. शिवाय धुरातील ऑक्सिजनने अमाइन नासते, गंधकाच्या ऑक्साइडांशी त्याचे न सुटणारे क्षार बनतात आणि पोलाद गंजते. सर्वांत जड खर्च वाफेचा; जी वाफ द्रावण तापविण्यात जाते, तेवढी विजेला मुकते.

१९७७ साली चेझारे मार्केत्ती यांनी हा वायू विद्युत्‌केंद्रांतून गोळा करून जिब्राल्टरजवळच्या खोल प्रवाहाबरोबर अटलांटिकच्या खोल पाण्यात धाडावा, अशी कल्पना मांडली. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियातील ट्रोना येथे कोळशाच्या बाष्पित्रांच्या धुरातून मोनोएथॅनॉल अमाइनच्या साहाय्याने दिवसाला सुमारे ८०० टन वायू पकडणारा कारखाना चालू झाला. त्याला समुद्राशी काही कर्तव्य नव्हते; त्याला हवा होता सोडा. सर्ल्स सरोवराच्या खाऱ्या पाण्यात सोडियम कार्बोनेट विरघळलेले असते. त्यात हा वायू सोडला की कमी विद्राव्य असा बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडा, खाली बसतो. तो गाळून भाजला की धुण्याचा सोडा हाती येतो. आणि भाजताना, रसायनशास्त्राच्या नियमाने, आत घेतलेला वायू बाहेर पडतो. येथे वायूचे काम क्षार पाण्यातून ओढून काढण्याचे होते, क्षारात मुरून राहण्याचे नव्हे. तरीही धुराड्यातील वायू मोठ्या प्रमाणावर व दीर्घकाळ पकडता येतो हे प्रथम सिद्ध करण्याचे श्रेय बहुधा या कारखान्यासच द्यावे लागेल.

यानंतरचा इतिहास गिऱ्हाइकाच्या मर्जीचा आहे. टेक्ससमध्ये १९७२ पासून जुन्या तेलक्षेत्रांत हा वायू दाबून उरलेले तेल वर काढीत. त्यासाठी लबक येथे १९८० नंतर लवकरच विद्युत्‌केंद्राच्या धुरावर कारखाना उभा राहिला व काही वर्षांतच बंद झाला. मॅसॅच्युसेट्‌समधील बेलिंगहॅम येथे १९९१ पासून नैसर्गिक वायूवर चालणाऱ्या केंद्रातून पेयांच्या दर्जाचा वायू काढीत. हे काम विशेष कठीण, कारण अशा धुरात त्याचे प्रमाण शेकडा ३ ते ४ एवढेच असते. इंधन महागल्यावर २००५ मध्ये तेही थांबले. कॅनडातील बाउंडरी डॅम (२०१४) व टेक्ससमधील पेट्रा नोव्हा (२०१७) या मोठ्या योजनांची उद्‌घोषणा हवामानाच्या नावे झाली खरी. पण दोहोंचा वायू मुख्यतः तेलक्षेत्रालाच विकला गेला. पेट्रा नोव्हाच्या वाफेसाठी निराळे वायुजनित्र बसवावे लागले. वर्षाला १४ लक्ष टनांची ही योजना २०२० मध्ये तेलाचे भाव कोसळताच थांबली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. यंत्रात काही बिघाड झाला नसता तरी भावाने तिला थांबविलेच असते.

भारतातील तूत्तुक्कुडी येथील उदाहरण या परंपरेत अधिक प्रामाणिक ठरते. तेथील अल्कली कारखान्यात २०१६ पासून कोळशाच्या बाष्पित्राच्या धुरातून वर्षाला सुमारे ६० हजार टन वायू सरकारी अनुदानाविना पकडण्याची योजना झाली. मीठ, अमोनिया व हा वायू यांपासून तेथे सोडा होतो व अमोनियम क्लोराइड हे खत मिळते. ट्रोनाहून भेद असा की, येथे कार्बन खरोखरच सोड्याच्या घटनेत शिरतो. सोड्याचे एक मोठे गिऱ्हाईक काचेची भट्टी होय. तेथे वाळूशी संयोग पावताना सोडा आपला कार्बन डाय-ऑक्साइड सोडून देतो, आणि तो त्या भट्टीच्या धुराड्यातून वर जातो.