बर्लिनच्या विहिरी आणि तांबडे पाणी

विंधन विहिरीचे नुकतेच उपसलेले पाणी काचेच्या पेल्यात घेतले, तर ते निवळशंख दिसते. काही तासांनी तोच पेला पाहावा, तर पाण्यावर पिवळट झाक आलेली असते आणि दुसऱ्या दिवशी तळाशी तांबूस गाळ बसतो. पाण्यात लोह असले की असे होते, एवढे आपण वर्गात सांगतो. पण या गाळापायी एका मोठ्या शहराला आपल्या नव्याकोऱ्या विहिरी सोडाव्या लागल्या, ही हकिकत पाठ्यपुस्तकांत सहसा येत नाही.

बर्लिनला १८५६ पासून नळाने पाणी मिळू लागले. ते श्प्रे नदीचे, वाळूतून गाळलेले पाणी होते. शहर वाढले, तशी नदी घाण होत गेली. म्हणून टेगेल सरोवराच्या काठी विहिरी खणून १८७७ मध्ये नवे जलकेंद्र सुरू करण्यात आले. मातीच्या थरांतून झिरपलेले, थंड, स्वच्छ पाणी; कल्पना उत्तमच होती. परंतु थोड्याच दिवसांत नळातून तपकिरी, बुळबुळीत लगदा येऊ लागला. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात धाग्यांसारखे जीवाणू दिसले. फर्डिनांड कोन या शास्त्रज्ञाने १८७० मध्येच ब्रेस्लाऊच्या विहिरींच्या पाण्यात ते पाहून त्यांना ‘क्रेनोथ्रिक्स’ असे नाव दिले होते. लोकांनी मात्र त्या लगद्याला ‘विहिरीची साथ’ म्हटले. अखेर १८८३ मध्ये टेगेलच्या विहिरी बाजूला ठेवून सरोवराचे पाणी वाळूतून गाळून देणे सुरू झाले. ते दिसायला स्वच्छ होते, त्याने कपड्यांवर डाग पडत नव्हते.

खरा दोष कोणाचा होता? जमिनीखाली खोलवर ऑक्सिजन जवळजवळ नसतो. तेथे लोह फेरस रूपात राहते आणि ते पाण्यात सहज विरघळते. असे पाणी वर आले, हवा लागली, की फेरसचे फेरिक होते आणि ते न विरघळणाऱ्या तांबूस कणांच्या रूपाने खाली बसते. ज्या क्रेनोथ्रिक्सच्या माथी सारे खापर फुटले, तो मिथेन वायूवर जगतो, असे २००६ मध्ये दिसून आले. त्याच्या धाग्यांवर गंज साचत होता, पण लोह काही त्याने आणले नव्हते.

दरम्यान गाळलेल्या पाण्याबद्दलचा विश्वास डळमळू लागला. बर्लिनचे जलअभियंते कार्ल पीफके यांनी कार्ल फ्रेंकेल यांच्याबरोबर प्रयोग केले. वाळूच्या गाळणीतून काही जंतू निसटून जातातच, असे त्यांनी १८९० मध्ये दाखवून दिले. त्यानंतर दोनच वर्षांनी हॅम्बर्ग शहरात पटकीची साथ आली. तेथे एल्ब नदीचे पाणी गाळल्याशिवायच दिले जात होते. सुमारे ८,६०० माणसे दगावली. आता डाग पाडणारे, पण जंतूंपासून सुरक्षित असे भूजलच बरे वाटू लागले. प्रश्न उरला होता तो लोह काढण्याचा.

त्यावरचा उपाय आजही आश्चर्य वाटावे इतका साधा आहे. योस्टेन या अभियंत्याने पाणी उंचावरून पावसासारखे पाडले आणि मग वाळूतून गाळले. पीफके यांनी ते कोक कोळशाच्या थरावरून झिरपू दिले. एक मिलिग्रॅम लोहाला फक्त ०.१४ मिलिग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवेशी चांगले मिसळलेल्या एक लिटर पाण्यात तो ८ मिलिग्रॅमच्या आसपास असतो. म्हणजे किती लोहाला पुरेल, हे गणित विद्यार्थ्यांनाच करू द्यावे. तुषार पाडण्याचा आणखी एक फायदा होतो. पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडून जातो, आम्लता कमी होते आणि लोह झपाट्याने बाहेर पडते. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिन पुन्हा भूजलाकडे वळले. आजही तेथे पाण्यात हवा मिसळून ते वाळूतून गाळले जाते.

डागांना भिऊन दिसायला स्वच्छ पाण्याकडे वळण्याची ही गोष्ट बर्लिनपुरती राहिली नाही. आपल्या सोलापुरात तयार झालेल्या हातपंपाच्या धर्तीवर १९७० च्या दशकात ‘इंडिया मार्क टू’ पंप घडवला गेला. तो पुढे आफ्रिकेतही गेला. पश्चिम आफ्रिकेतल्या काही गावांत मात्र भूजल आम्लधर्मी होते. पंपाच्या लोखंडी नळांवरचा जस्ताचा मुलामा त्याने खाल्ला, मग लोखंडही खाल्ले आणि पाणी तांबडे येऊ लागले. शिजवलेले अन्न व कपडे रंगू लागले, तेव्हा बायका पंप सोडून पुन्हा डबक्यांकडे गेल्या. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण बर्लिनने तरी वेगळे काय केले होते?

आपल्या शाळेच्या किंवा घरच्या पंपाचे पाणी तांबडे येत असेल, तर आधी लोह कोठून येते ते पाहावे. सकाळचे पहिले पाणी तांबडे आणि बराच वेळ उपसल्यावर स्वच्छ येत असेल, तर नळ गंजला आहे. तो बदलावा. कितीही उपसले आणि ताजे पाणी प्रत्येक वेळी ठेवल्यावर तांबूस होत असेल, तर लोह भूजलातले आहे. हिरड्याचा काढा थोडा घालून पाहिला, तर असे पाणी काळसर होते. पूर्वी हिरडा आणि हिराकस यांची शाई करत, तीच ही क्रिया. दर लिटरला ०.३ मिलिग्रॅमहून जास्त लोह असले की कपड्यांवर डाग पडू लागतात.

घरी करायचे ते योस्टेन यांनी केले तेच. पाणी एका बालदीतून दुसऱ्या बालदीत उंचावरून दहा-वीस वेळा ओतावे, रात्रभर ठेवावे आणि धुतलेल्या वाळूच्या थरातून गाळावे. पाणी फार आम्लधर्मी असेल, तर लोह बसायला वेळ लागतो. या गाळणीने जंतू मरत नाहीत, तेव्हा विहीर उघडी असेल तर पाणी उकळावेच. कपड्यांवर पडलेल्या डागांना मात्र ब्लीचिंग पावडर लावू नये. तिने उरलेसुरले फेरसही फेरिक होते आणि डाग पक्का बसतो. लिंबाचा रस लावून कपडा उन्हात ठेवावा, डाग फिका होतो.