मुकं बटण

परवा भाची आली, लॅपटॉप काखेत मारून. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. चपला काढता काढताच सुरू, "मामा, बघ ना रे, बटण दाबते तर काहीच होत नाही. एरर पण येत नाही!"

एरर आली होती. क्यूटीमध्ये केलेला छोटा प्रोग्राम होता. डिझायनरमध्ये बाईसाहेबांनी बटणाचं नाव बदललं होतं, आणि कोडमधलं फंक्शन जुन्याच नावाची वाट बघत बसलं होतं. क्यूटी नावावरून जोड्या लावतं, जोडी जमली नाही की खालच्या आउटपुटच्या चौकोनात एक ओळ लिहून पुढे जातं. तो चौकोन तिने जागा अडवतो म्हणून बंद केला होता. पाच मिनिटांचं काम. ती चहा पिऊन गेलीसुद्धा, मी मात्र २००४ सालात जाऊन बसलो.

तेव्हा आमचे अण्णा गावातलं वाचनालय सांभाळायचे. मी नुकताच लिनक्सच्या नादी लागलेला. एक जुना संगणक जोडला, त्यावर जीटीकेमध्ये देवघेवीचा प्रोग्राम लिहिला. खिडकीवर 'दिलं' आणि 'परत' अशी दोन मोठी बटणं. अण्णा खूश होते. गणपतीला गावी गेलो तेव्हा कोड जरा नीटनेटका केलेली नवी आवृत्ती फ्लॉपीवरून चढवली, 'दिलं' दाबून पाहिलं, चाललं, आणि एस.टी. पकडून पुण्याला परत.

दिवाळीत पोचलो तर घरात वातावरण तंग. महिनाअखेरीच्या थकीत यादीत निम्मं गाव होतं. एका निवृत्त गुरुजींना दंडाची चिठ्ठी गेली होती, आणि ते "मी पुस्तक तुमच्या हातात दिलंय" म्हणून सगळ्यांसमोर बोलून गेले होते. अण्णांना आठवत होतं की दिलंय. पण संगणक नाही म्हणत होता. मला हळूच म्हणाले, "हल्ली माझ्या लक्षात राहत नाही रे. बटण दाबायचं विसरत असेन."

ते विसरत नव्हते. का, ते सांगायला जरा मागे जावं लागेल.

१९९० च्या दशकात युनिक्सवर खिडक्या-बटणं करायची म्हणजे मोटिफ. तिथे बटणाला 'कॉलबॅक' द्यायचा, म्हणजे दाबल्यावर कोणतं फंक्शन बोलवायचं त्याचा थेट पत्ता. सोबत माहिती जायची ती बिनलेबलच्या डब्यातून. डब्यात साखर आहे समजून उघडला आणि निघालं मीठ, तर प्रोग्राम जागच्या जागी कोसळायचा.

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये हॉवर्ड नोर्ड आणि आयरिक चांबे-एंग हे दोघे १९९० च्या उन्हाळ्यात अल्ट्रासाउंडच्या प्रतिमांसाठी डेटाबेसचा प्रोग्राम लिहीत होते. तो युनिक्स, मॅक आणि विंडोज तिन्हीवर चालायला हवा होता. बागेतल्या बाकावर बसून त्यांनी ठरवलं की खिडक्यांची स्वतःची चौकट लिहायची. तीच पुढे क्यूटी झाली. (नावातला 'क्यू' का? तर हॉवर्डच्या ईमॅक्समधल्या फॉन्टमध्ये ते अक्षर सुंदर दिसायचं म्हणून! जगात मोठमोठे निर्णय असेच होतात.) १९९२ मध्ये आयरिकला 'सिग्नल आणि स्लॉट'ची कल्पना सुचली. १९९४ मध्ये कंपनी निघाली, मे १९९५ मध्ये क्यूटी पहिल्यांदा लोकांसमोर आलं.

कल्पना आपल्याकडच्या दवंडीसारखी. बटण फक्त ओरडतं, "मला दाबलं हो!" कोण ऐकतंय, ऐकून काय करतंय, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. ज्याला गरज असेल त्याने कान द्यावा. एकाच हाकेला दहा जण धावले तरी चालतं, एकही नाही धावला तरी चालतं. ही मोकळीक हेच त्यातलं सौंदर्य, आणि माझ्या मते दुखणंही तेच. कारण ऐकणारा कोणी नसणं हा गुन्हाच नाही. दवंडीवाला रिकाम्या वाड्यासमोर ओरडून शांतपणे पुढे जातो.

त्यात जोडणी व्हायची नावांच्या अक्षरांवरून. त्या काळच्या सी प्लस प्लसच्या कंपायलरांना हे सगळं झेपणारं नव्हतं, म्हणून 'मॉक' नावाचा एक मदतनीस आधी कोड वाचून नावांची यादी तयार करायचा. कनेक्ट करताना नाव लिहिण्यात चूक झाली, तर कंपायलर डोळे मिटून पास करायचा. प्रोग्राम चालू झाल्यावर 'असा स्लॉट नाही' अशी ओळ टर्मिनलवर उमटायची, आणि खिडकी मात्र छान नटूनथटून समोर.

तिकडे बर्कलीत स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस हे दोन विद्यार्थी जिंप लिहीत होते. सुरुवात मोटिफवरच, पण मॅटिस त्याला इतका वैतागला की त्याने स्वतःची चौकट लिहून काढली, जिंपचं टूलकिट, म्हणजे जीटीके. सिग्नल तिथेही आले. पुढे केडीईने १९९६ मध्ये क्यूटी घेतलं, त्याच्या परवान्यावरून वाद झाला, आणि १९९७ मध्ये नोमवाल्यांनी जीटीके निवडलं. तो सगळा इतिहास पुन्हा कधीतरी.

आमच्या गोष्टीत महत्त्वाचं आहे ते १९९८ मध्ये आलेलं ग्लेड. त्यात खिडकी माउसने ओढून-ताणून मांडायची. जेम्स हेनस्ट्रिजच्या लिबग्लेडमुळे ती मांडणी वेगळ्या फाइलमध्ये राहायची आणि प्रोग्राम चालू होताना वाचली जायची. त्या फाइलमध्ये लिहिलेलं असायचं की या बटणाला अमुक नावाचं फंक्शन. लिबग्लेड ते नाव चालू प्रोग्राममध्ये शोधायचं. लिंक करताना नावं बाहेर दाखवणारा पर्याय विसरलात, तर एकही सापडायचं नाही, सगळी बटणं एकदम मुकी! ते तरी परवडलं, लगेच कळतं.

व्हिज्युअल बेसिक ६ वर कॉलेजचे प्रोजेक्ट केलेल्यांना आणखी एक तऱ्हा आठवत असेल. दुसऱ्याच्या संगणकावर एखादी ओसीएक्स फाइल नसली की प्रोजेक्ट उघडताना ते त्या कंट्रोलच्या जागी गुपचूप पिक्चरबॉक्स ठेवायचं आणि शेजारी लॉग फाइल टाकायचं. आम्ही तेव्हा त्याला खूप शिव्या घातल्या. पण यादीच्या जागी कोरा चौकोन डोळ्यांना दिसायचा तरी.

माझं काय झालं होतं? कोड नीटनेटका करताना 'परत'च्या फंक्शनचं नाव बदललं होतं. ग्लेडच्या फाइलमध्येही बदललं होतं. फ्लॉपीवरून मात्र फक्त प्रोग्राम चढवला, मांडणीची फाइल जुनीच राहिली. आणि 'परत' दाबल्यावर 'नोंद झाली' असा साधा संदेश दाखवायचं मला आधीपासूनच सुचलं नव्हतं. त्यामुळे नोंद होत होती तेव्हाही बटण गप्पच, होत नव्हती तेव्हाही गप्पच. आठ आठवडे.

प्रोग्राम मात्र गप्प नव्हता. अण्णा तो डेस्कटॉपवरच्या चित्रावर टिचकी मारून सुरू करायचे, म्हणजे टर्मिनल नाही. अशा वेळी तक्रारी तेव्हा जायच्या घरच्या फोल्डरमधल्या एक्ससेशन-एरर्स नावाच्या लपलेल्या फाइलमध्ये. ती उघडली. त्या सकाळचीच एक ओळ होती, हे फंक्शन सापडलं नाही, नावासकट.

क्यूटीने २०१२ च्या डिसेंबरात पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा जोडणीची नवी पद्धत आली. नावाच्या अक्षरांऐवजी थेट फंक्शनच द्यायचं, चुकलं तर प्रोग्राम कंपाइलच होत नाही. सिग्नल-स्लॉट सुचल्यापासून वीस वर्षं लागली. जुनी पद्धत अजून चालते, आणि भाचीचं बटण अडकलं ती नावावरून जोडी लावण्याची सोयही. डिसेंबर २०२० मधल्या जीटीके ४ ने तर मांडणीच्या फाइलमधलं फंक्शन न सापडणं ही सरळ चूकच ठरवली. नेहमीच्या सोप्या पद्धतीने ती फाइल उघडली तर प्रोग्राम तिथेच बंद पडतो. नवीन मुलं यावर कुरकुरतात. मला ऐकून बरं वाटतं.

असो. त्या दिवाळीत अण्णांना ती ओळ दाखवली. इंग्रजी होती, मी अर्थ सांगितला. चष्मा पुसून त्यांनी दोनदा वाचली. "म्हणजे मी दाबत होतो?" मी म्हटलं, हो. ते काही बोलले नाहीत. शर्ट घातला आणि गुरुजींकडे गेले, मलाही सोबत घेऊन. माफी मी मागितली. गुरुजींनी लाडू दिले.

दुसऱ्या दिवशी मी 'परत' दुरुस्त केलं, संदेशही घातला. अण्णा रोज वापरायचे. पण टेबलाच्या खणात त्यांनी एक जुनी वही ठेवली होती, आणि परत आलेलं प्रत्येक पुस्तक आधी तिच्यात लिहायचे, मग बटण.