हौशी ड्रोनधारक आणि यंत्राने टिपलेला त्यांचाच माग

ड्रोन आणि खासगीपणा हे दोन शब्द एकत्र उच्चारले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर शेजाऱ्याच्या अंगणावर घिरट्या घालणारा कॅमेरा येतो. ती तक्रार रास्तच आहे. पण ती अर्धीच बाजू सांगते. ज्याच्या हातात रिमोट असतो, त्याच्याविषयीही हे यंत्र सतत काही ना काही नोंदवत असते. त्याने कोठून उड्डाण केले, किती वाजता केले, किती उंची गाठली, परत कोठे उतरवले, याचा तपशील उड्डाण संपल्यावरही मागे उरतो. व्यावसायिक चित्रणकाराला या नोंदींचे भान निदान कामाचा भाग म्हणून ठेवावे लागते. रविवारी सकाळी समुद्रकिनारी वा गावच्या शेतावर ड्रोन उडवणाऱ्या हौशी माणसाला मात्र आपण किती माहिती मागे ठेवत आहोत याची कल्पना क्वचितच असते.

यंत्र काय लिहून ठेवते

कॅमेरा असलेल्या आजच्या कोणत्याही सामान्य ड्रोनच्या नोंदी निदान तीन ठिकाणी साठतात. पहिली जागा ड्रोनचीच अंतर्गत स्मृती. दुसरी म्हणजे रिमोटला जोडलेला मोबाइल, ज्यावरील ॲप प्रत्येक उड्डाणाची स्वतंत्र नोंदफाईल तयार करते. तिसरी जागा मेमरी कार्डवरील छायाचित्रे आणि चित्रफिती.

उड्डाणाच्या नोंदफाईलमध्ये सेकंदाला अनेक वेळा अक्षांश, रेखांश, उंची, वेग, बॅटरीची स्थिती आणि रिमोटवरून दिलेल्या आज्ञा टिपल्या जातात. यंत्राचा अनुक्रमांकही तीत असतो. यांतील सर्वांत नाजूक नोंद म्हणजे ‘होम पॉइंट’. संपर्क तुटल्यास वा बॅटरी उतरल्यास ड्रोनने आपोआप कोठे परतायचे, हे ठरवणारा हा बिंदू उड्डाणाच्या सुरुवातीलाच नोंदला जातो. सुरक्षिततेसाठी तो अत्यावश्यक आहे. परंतु चतुर्थीला गावी आलेला तरुण घराच्या अंगणातून ड्रोन सोडतो, तेव्हा तो बिंदू म्हणजे त्याच्या घराचा पत्ताच असतो. दशांशचिन्हानंतर पाच अंकांपर्यंत दिलेला अक्षांश जमिनीवर सुमारे एक मीटरपर्यंत अचूक जागा दाखवतो. वाड्यावरचे घर क्रमांक विचारून शोधावे लागते. हा आकडा हाती असलेल्याला काही विचारावे लागत नाही.

छायाचित्रांचेही तसेच. ड्रोनने घेतलेल्या जेपीईजी छायाचित्राच्या पोटात, डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात, स्थानाचे आकडे, उंची, कॅमेऱ्याचा कोन, दिवस व वेळ असा मजकूर असतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या छायाचित्रातून हा मजकूर गळून पडतो. तेच छायाचित्र स्पष्टता टिकावी म्हणून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवले तर तो जसाच्या तसा पोहोचतो. ड्रोनचे चित्रण हौसेने, पूर्ण दर्जात पाठवण्याकडे लोकांचा कल असतो, त्यामुळे ही चूक ड्रोनधारकांकडून अधिक होते. चित्रफितींबाबत आणखी एक सोय अनेक यंत्रांत आहे. सबटायटलचा पर्याय सुरू ठेवल्यास चित्रफितीसोबत एक छोटी मजकूर-फाईल तयार होते आणि तीत क्षणाक्षणाचे स्थान लिहिलेले असते. रापण ओढतानाचे सुंदर दृश्य टिपून चित्रफीत व ती फाईल दोन्ही मित्राला देणारा माणूस आपण उभे होतो ती जागाही देऊन टाकतो. रापणीच्या जागेत गुपित काही नसते. आपल्या गच्चीवरून घेतलेल्या चित्रणाचे तसे म्हणता येत नाही.

ड्रोन कोसळला वा हरवला म्हणजे या सगळ्याला वेगळे वळण लागते. काही मॉडेलांत आठ जीबीपर्यंतची अंतर्गत साठवण असते, आणि कार्ड काढून घेतले तरी ती यंत्रातच राहते. झाडीत पडलेला ड्रोन ज्याच्या हाती लागेल त्याला यंत्राबरोबर त्यातला साठाही मिळतो.

नोंदी कंपनीकडे जातात तेव्हा

हौशी ड्रोनच्या जागतिक बाजारपेठेवर चीनमधील शेनझेन येथील डीजेआय या २००६ साली स्थापन झालेल्या कंपनीचे वर्चस्व आहे. त्यामुळे डेटाविषयीची बहुतेक चर्चा याच कंपनीभोवती फिरते. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकी लष्कराने सायबर सुरक्षेचे कारण देऊन आपल्या तुकड्यांना या कंपनीचे ड्रोन वापरणे थांबवण्यास सांगितले. त्याच वर्षी कंपनीने इंटरनेटशी संबंध तोडून उडवण्याचा ‘लोकल डेटा मोड’ आणला. मार्च २०१८ मध्ये चेक पॉइंट या सुरक्षा संस्थेने कंपनीच्या खाते-व्यवस्थेतील एक दोष तिच्या निदर्शनास आणून दिला. त्या दोषाचा फायदा घेऊन त्रयस्थाला वापरकर्त्याच्या खात्यात शिरता आले असते आणि त्याने सर्व्हरवर पाठवलेल्या उड्डाणनोंदी व छायाचित्रे पाहता आली असती. दोष दुरुस्त झाल्यानंतर नोव्हेंबरमध्ये तो जाहीर करण्यात आला.

जुलै २०२० मध्ये सिनॅक्टिव्ह आणि ग्रिम या दोन संस्थांनी कंपनीच्या अँड्रॉइड ॲपची चिरफाड केली. सिम कार्डाचे व हँडसेटचे ओळख क्रमांक हे ॲप गोळा करते आणि गुगलच्या प्ले स्टोअरला वळसा घालून स्वतःत बदल करवून घेण्याची क्षमता त्यात आहे, असे त्यांचे निष्कर्ष होते. कंपनीने त्यांना हरकत घेतली. दुसरीकडे, डेटा चीनला पाठवला जात असल्याचा पुरावा सापडला नाही असे सांगणारे तपासणी अहवालही त्याच सुमारास आले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: आज डेटा जात नसेल, पण ॲपच्या अंगी उद्या वेगळे वागण्याची क्षमता असेल. संशयाची धार वाढते ती चीनच्या २०१७ च्या राष्ट्रीय गुप्तवार्ता कायद्यामुळे, कारण तो संस्था व नागरिकांवर गुप्तवार्ता कार्यात साह्य करण्याचे बंधन घालतो.

उड्डाणनोंदी सर्व्हरवर पाठवणे हा वापरकर्त्याने निवडायचा पर्याय आहे, अशी कंपनीची भूमिका आहे. जून २०२४ पासून अमेरिकेतील वापरकर्त्यांसाठी तिने हा पर्यायच बंद केला. भारतातील वापरकर्त्याला मात्र तो सुरू आहे की बंद, हे ॲपच्या सेटिंगमध्ये शिरून स्वतःच पाहावे लागते. ॲप अँड्रॉइडवर प्ले स्टोअरऐवजी कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावे लागत असल्याने, इतर ॲपना लागू होणारी चाळणीही येथे नसते.

कंपनीकडे बोट दाखवताना एक गोष्ट नजरेआड होते. अनेक हौशी ड्रोनधारक आपल्या नोंदफाईली स्वखुशीने तिसऱ्याच संकेतस्थळांवर चढवतात. बॅटरी अचानक का उतरली, ड्रोन भरकटला तो कशामुळे, याचा आलेख तेथे फुकटात मिळतो. त्या मोबदल्यात वर्षभराच्या उड्डाणांचा नकाशा परक्याच्या हाती जातो. शेनझेनच्या सर्व्हरविषयी तावातावाने बोलणारा माणूस येथे अटी न वाचता होकार देतो, हे वास्तव आहे.

आकाशातील नंबरप्लेट

रस्त्यावरील वाहनाला नंबरप्लेट असते, तशी ड्रोनलाही असावी, या विचारातून ‘रिमोट आयडी’ ही व्यवस्था आली. उडता ड्रोन आपला ओळख क्रमांक, स्थान, उंची आणि वेग रेडिओलहरींवरून जाहीर करत राहतो. जवळपासच्या कोणालाही साध्या मोबाइलवर ते वाचता येते. अमेरिकेत वैमानिकांना १६ सप्टेंबर २०२३ पासून ती बंधनकारक झाली आणि प्रत्यक्ष कारवाईला १६ मार्च २०२४ पर्यंत सवलत मिळाली. केवळ हौसेसाठी उडवलेले, २५० ग्रॅम वा त्याहून हलके ड्रोन तिच्यातून वगळले आहेत.

नंबरप्लेटची उपमा येथे थोडी फसवी ठरते. अमेरिकेतील मानक रिमोट आयडी ड्रोनबरोबरच रिमोट धरून उभ्या असलेल्या माणसाचे स्थानही प्रक्षेपित करते. गाडीची नंबरप्लेट चालक या क्षणी कोठे आहे हे गावभर ओरडून सांगत नाही. माळरानावर एकट्याने उडवणाऱ्या व्यक्तीला, विशेषतः एकट्या महिलेला, हा फरक पुस्तकी वाटणार नाही. याच मुद्द्यावर ड्रोनशर्यतींचे साहित्य विकणाऱ्या रेसडेक्वाड्स या अमेरिकी कंपनीचे मालक टायलर ब्रेनन यांनी दावा लावला. जुलै २०२२ मध्ये तेथील अपील न्यायालयाने तो फेटाळला. उघड्या आकाशात ड्रोन उडवताना स्थान गुप्त राहील अशी वाजवी अपेक्षा धरता येत नाही, आणि प्रक्षेपणात वैमानिकाचे नाव नसते, तो दुवा केवळ विमान वाहतूक प्रशासनाकडे असतो, असा त्या निकालाचा आशय होता.

स्थान जाहीर होण्याचे पर्यवसान कशात होऊ शकते, हे युक्रेन युद्धाने दाखवले. डीजेआयच्या ड्रोनमध्ये ‘ड्रोनआयडी’ नावाचा स्वतःचा संकेत असून तो यंत्राचे आणि वैमानिकाचेही स्थान सांगतो. तो कूटबद्ध असल्याचे आधी सांगितले गेले होते. २०२२ मध्ये तसे नसल्याचे कंपनीला मान्य करावे लागले. पुढे जर्मनीतील बोखुम येथील रूर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२३ मध्ये साध्या रेडिओ-उपकरणाने तो वाचून दाखवला आणि कंपनीच्या ड्रोनमधील एकूण १६ त्रुटी नोंदवल्या. युद्धभूमीवर दोन्ही बाजूंनी हेच बाजारात मिळणारे ड्रोन वापरले जात होते.

भारतीय ड्रोनधारकाची स्थिती

भारतात २५ ऑगस्ट २०२१ रोजी अधिसूचित झालेले ड्रोन नियम लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा नॅनो ड्रोन आणि व्यावसायिक हेतूविना उडवलेला, दोन किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन यांना वैमानिक प्रमाणपत्राची गरज नाही. हवाई क्षेत्राचे लाल, पिवळे व हिरवे असे भाग आहेत. हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत, तर चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटर अंतरावर २०० फुटांपर्यंत वेगळ्या परवानगीविना उडवता येते. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात नौदलाच्या तळावरील दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ असल्याने ही वर्तुळे मोठा भूभाग व्यापतात. वास्को, चिखली, बोगमाळो हे भाग तर धावपट्टीच्या शेजारीच येतात. तेथे परवानगी मागावी लागते, आणि परवानगीचा अर्ज ही सरकारदरबारी राहणारी आणखी एक नोंद होय.

रिमोट आयडीसारखी सक्ती भारतात तूर्त नाही. मात्र २०२१ च्या नियमांतच तिची जागा राखून ठेवली आहे. ड्रोनचे स्थान, उंची, वेग आणि ओळख क्रमांक तत्क्षणी कळवणारे उपकरण बसवण्याची सक्ती सरकार अधिसूचनेद्वारे करू शकते आणि त्यासाठी किमान सहा महिन्यांची मुदत द्यावी लागते. ही माहिती कोणाला दिसेल व किती काळ साठवली जाईल, हे त्या अधिसूचनेच्या मजकुरावर ठरेल. हौशी ड्रोनधारकांनी तिच्या मसुद्यात सर्वप्रथम शोधायला हवे ते हेच. २०१८ च्या जुन्या नियमावलीत कोणाच्याही खासगीपणाचा भंग होऊ न देण्याची जबाबदारी ड्रोनचालकावर स्पष्ट शब्दांत टाकली होती. २०२१ च्या सुटसुटीत नियमांत तसे स्वतंत्र कलम उरले नाही.

कलम नाही म्हणून मोकळीक नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. महिलेचे खासगी क्षणी चोरून चित्रण करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे, मग कॅमेरा खिडकीत असो वा आकाशात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने मात्र व्यक्तीने निव्वळ वैयक्तिक वा घरगुती कारणासाठी हाताळलेला डेटा वगळला आहे. घरच्या कार्याचे चित्रण करणारा हौशी माणूस या सवलतीत बसतो; तेच चित्रण पैसे घेऊन करणारा बसत नाही. मधला माणूस, म्हणजे समुद्रकिनाऱ्यावरील ओळखू येणाऱ्या चेहऱ्यांची चित्रफीत यूट्यूबवर टाकून जाहिरातींतून चार पैसे मिळवणारा, कोणत्या बाजूला पडतो हे निवाड्यांतूनच ठरेल. युरोपीय न्यायालयाने २०१४ मध्ये घराच्या रक्षणासाठी लावलेला पण सार्वजनिक रस्ता टिपणारा कॅमेराही ‘निव्वळ घरगुती’ मानला नव्हता.

हाच कायदा ड्रोनधारकाला संरक्षणही देतो. भारतातील व्यक्तींना सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांनाही तो लागू होतो आणि डेटाच्या सुरक्षेत कसूर केल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य बंधनांना अठरा महिन्यांची मुदत आहे. अडचण वेगळीच आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून, संशोधन, संरक्षण व सुरक्षा वगळता, तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. परदेशातील आप्ताने सामानातून आणलेला वा दुकानातून बिलाविना घेतलेला ड्रोन उडवणारा माणूस डेटाची तक्रार घेऊन पुढे जाईल, तेव्हा आधी त्यालाच ड्रोन कोठून आणला याचे उत्तर द्यावे लागेल. अशा ड्रोनधारकांचा हक्क कागदावर शाबूत आणि व्यवहारात लुळा आहे.

हाताशी असलेले उपाय

घरून उडवायचेच झाले तर थोडे चालत जाऊन मोकळ्या जागेतून उड्डाण केल्यास होम पॉइंट घरावर पडत नाही. नोंदी सर्व्हरवर पाठवण्याचा पर्याय व सबटायटलची फाईल बंद ठेवता येते. शक्य असल्यास ड्रोनसाठी संपर्क, छायाचित्रे व बँकेची ॲप नसलेला जुना मोबाइल वापरावा. नोंदफाईली मात्र सरसकट पुसून टाकू नयेत, कारण अपघात वा तक्रार झाल्यास आपण कोठे व किती उंचीवर होतो हे सिद्ध करणारा तोच पुरावा असतो. त्या संगणकावर उतरवून मोबाइलवरून काढाव्यात. ड्रोन विकताना कार्ड काढणे पुरेसे नसते. अंतर्गत साठवण पुसावी, यंत्र आपल्या खात्यापासून विलग करावे आणि नोंदणी झालेली असल्यास मालकी हस्तांतरणाची नोंद करून घ्यावी. अन्यथा नव्या मालकाने केलेले उड्डाण जुन्या मालकाच्या नावावर नोंदलेले राहील.