गोळी कशाबरोबर घ्यावी?

सकाळच्या चहाबरोबरच गोळी घेऊन टाकण्याची सवय अनेक घरांत आढळते. औषध पोटात गेले म्हणजे काम झाले, अशी त्यामागची समजूत. मात्र थायरॉइडसाठी दिली जाणारी थायरॉक्सिनची गोळी रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबरच घ्यावी लागते. त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-कॉफीही वर्ज्य. लोहाच्या गोळीचेही चहाशी जमत नाही, तर सिप्रोफ्लॉक्सासिनसारखी प्रतिजैविके दुधातील कॅल्शियमशी बांधली जाऊन रक्तात पुरेशी उतरत नाहीत.

सर्वाधिक जपावे लागते ते रक्ताच्या गुठळ्या रोखणाऱ्या औषधांना. हृदयात धातूची कृत्रिम झडप बसविलेल्या रुग्णांना वॉरफेरिन किंवा असेनोकुमारॉल आयुष्यभर घ्यावे लागते. ही औषधे 'के' जीवनसत्त्वाच्या कार्यात अडथळा आणतात आणि पालक, मेथी, कोथिंबीर यांत नेमके तेच विपुल असते. आठवडाभर पालेभाज्यांचा सपाटा लावल्यास औषधाचा प्रभाव घटून झडपेवर गुठळी धरण्याचा धोका संभवतो. उलट, श्रावणात पालेभाजी न खाण्याचा नेम धरल्यास प्रभाव वाढून रक्तस्राव होऊ शकतो. त्यामुळे पालेभाजी सोडायची नसते, तिचे प्रमाण बाराही महिने सारखे ठेवायचे असते. आहारात बदल करायचाच असेल, तर आधी डॉक्टरांना सांगून 'आयएनआर' ही रक्तचाचणी करून घ्यावी. औषधाची मात्रा त्यावरूनच ठरते.

फळांमध्ये ग्रेपफ्रूटची कथा मोठी रंजक आहे. कॅनडातील संशोधक मद्य आणि रक्तदाबावरील फेलोडिपिन यांचा संबंध तपासत होते. मद्याची चव झाकण्यासाठी त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला आणि औषधाचे रक्तातील प्रमाण अनपेक्षितपणे वाढलेले आढळले. ही बाब १९८९ मध्ये पुढे आली. आतड्यातील औषधाचे विघटन करणारे विकर या रसामुळे निकामी होते. कोलेस्टेरॉलवरील सिम्व्हास्टॅटिनबाबतही हाच अनुभव आहे. आपल्याकडे ग्रेपफ्रूट फारसे खाल्ले जात नाही. पण गणपतीच्या दिवसांत बाजारात येणारे पपनस हे त्याचे जवळचे नातलग. त्यातही तशीच द्रव्ये असल्याने अशी औषधे चालू असणाऱ्यांनी ते खाण्यापूर्वी विचारून घ्यावे.

फोडणीतील हळद, लसूण किंवा मिरी यांचा मात्र धसका घेण्याचे कारण नाही. प्रश्न उद्भवतो तो त्यांचेच अर्क कॅप्सूलमधून घेतले जातात तेव्हा. तेथे मात्रा स्वयंपाकातील चिमटीपेक्षा कितीतरी अधिक असते. रक्त पातळ ठेवणारे औषध चालू असताना हळद वा लसणाच्या कॅप्सूल स्वतःच्या मनाने सुरू करू नयेत. अनेक रुग्ण त्यांना औषध मानतच नाहीत आणि म्हणून डॉक्टरांपुढे त्यांचा उल्लेखही करीत नाहीत.