स्थलांतर व्हिसा वैद्यकीय तपासणी आणि मानसिक आजाराचा पूर्वेतिहास (अमेरिका)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कायम वास्तव्यासाठी जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक अर्जदारास व्हिसा मिळण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. या तपासणीत शारीरिक आजारांबरोबरच पूर्वी झालेल्या मानसिक आजारांची, घेतलेल्या उपचारांची आणि रुग्णालयातील वास्तव्याची विचारणा होते. प्रचलित कायद्यानुसार मानसिक आजार असणे किंवा पूर्वी होऊन गेलेला असणे एवढ्यावरून अर्जदार अपात्र ठरत नाही. आजाराशी निगडित असे धोकादायक वर्तन आहे काय, किंवा ते पुन्हा घडण्याचा संभव आहे काय, हा अपात्रतेचा निकष आहे. मात्र विचारलेली माहिती हेतुपुरस्सर दडवणे हे अपात्रतेचे स्वतंत्र कारण ठरू शकते.

इतिहास

१८८२ च्या स्थलांतर कायद्याने ‘वेडसर’ व ‘मूढ’ व्यक्तींना, तसेच सार्वजनिक भार न होता स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्यांना, अमेरिकेत उतरण्यास मनाई केली. १८९२ मध्ये न्यूयॉर्कजवळ एलिस बेटावरील स्थलांतर केंद्र सुरू झाले. तेथे बोटीतून उतरणाऱ्या प्रवाशांची पाहणी डॉक्टर काही क्षणांत उरकत असत. ज्याच्या मानसिक स्थितीविषयी शंका येई, त्याच्या अंगरख्यावर खडूने फुलीची खूण केली जाई व त्यास पुढील तपासणीसाठी रांगेतून बाजूला काढले जाई.

१९०३ च्या कायद्याने मागील ५ वर्षांत वेडाचा विकार झालेल्या व्यक्तींना, आणि आयुष्यात केव्हाही वेडाचे दोन किंवा अधिक झटके येऊन गेलेल्या व्यक्तींना प्रवेश नाकारला. १९१७ च्या कायद्याने ही अट अधिक कडक केली. पूर्वी केव्हाही आलेला एकच झटका प्रवेश नाकारण्यास पुरेसा झाला. १९५२ च्या कायद्यातही ही तरतूद कायम राहिली. अर्थात, या काळात पूर्वेतिहास हाच अपात्रतेचा आधार होता आणि पूर्णपणे बरा झालेला मनुष्यही त्यातून सुटत नसे.

मानसिक विकाराच्या व्याख्येचा उपयोग इतर गटांना वगळण्यासाठीही झाला. १९५२ च्या कायद्यातील ‘मनोविकृत व्यक्तिमत्त्व’ या संज्ञेखाली समलिंगी व्यक्तींना प्रवेश नाकारला जाई. १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बूटिलिए खटल्यात हा अर्थ ग्राह्य धरला. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ संघटनेने १९७३ मध्ये समलैंगिकतेस विकारांच्या यादीतून वगळले. त्यानंतर १९७९ मध्ये सार्वजनिक आरोग्य सेवेने या कारणासाठी वैद्यकीय दाखले देणे थांबवले.

१९९० च्या स्थलांतर कायद्याने या जुन्या संज्ञा रद्द केल्या. तेव्हापासून कायद्याचा भर रोगाच्या नावावरून वर्तनावर आला.

सध्याचा निकष

कायद्यानुसार दोन प्रकारच्या व्यक्ती या कारणाखाली अपात्र ठरतात. पहिल्या प्रकारात, सध्या शारीरिक वा मानसिक विकार असून त्याच्याशी निगडित वर्तनामुळे स्वतःच्या किंवा इतरांच्या सुरक्षिततेस, कल्याणास किंवा मालमत्तेस धोका असलेल्या वा होऊन गेलेल्या व्यक्ती येतात. दुसऱ्या प्रकारात, असा विकार व असे वर्तन पूर्वी घडलेले असून ते पुन्हा घडण्याचा संभव असलेल्या व्यक्ती येतात. दोन्ही प्रकारांत विकार आणि धोकादायक वर्तन या दोन्ही गोष्टी, आणि त्यांचा परस्परसंबंध, आवश्यक मानला आहे.

आत्महत्येचा प्रयत्न, स्वतःस गंभीर इजा करून घेणे, इतरांवर हल्ला करणे, मद्याच्या अमलाखाली वाहन चालवणे व मालमत्तेची मोठी हानी करणे ही धोकादायक वर्तनाची उदाहरणे होत. नैराश्य किंवा चिंताविकारासाठी घेतलेली औषधे अथवा समुपदेशन या व्याख्येत येत नाही.

स्थलांतरित व्हिसाच्या डीएस-२६० या ऑनलाइन अर्जातील प्रश्नही याच धर्तीवर आहे. स्वतःच्या वा इतरांच्या सुरक्षिततेस धोका पोहोचवणारा किंवा पोहोचवू शकणारा विकार आहे काय, असे त्यात विचारलेले असते. डॉक्टरांपुढील प्रश्न याहून व्यापक असतात. तेथे पूर्वीचे आजार, रुग्णालयातील वास्तव्य व उपचार यांचा समग्र इतिहास घेतला जातो. त्यामुळे अर्जातील प्रश्नास ‘नाही’ आणि डॉक्टरांच्या प्रश्नास ‘होय’ अशी दोन्ही उत्तरे एकाच अर्जदाराच्या बाबतीत खरी असू शकतात.

तपासणी व वर्गीकरण

अमेरिकेबाहेर ही तपासणी दूतावासाने नेमलेले पॅनेल डॉक्टर करतात. अमेरिकेत राहून ग्रीन कार्डासाठी अर्ज करणाऱ्यांची तपासणी तेथील ‘सिव्हिल सर्जन’ करतात. दोघांनाही रोगनियंत्रण व प्रतिबंध केंद्र, अर्थात सीडीसी, या संस्थेच्या तांत्रिक सूचना पाळाव्या लागतात.

पॅनेल डॉक्टर हा अर्जदाराचा उपचारक नसतो. तो शासनासाठी अहवाल तयार करतो. त्यामुळे त्यास सांगितलेली माहिती नेहमीच्या डॉक्टर-रुग्ण संबंधाप्रमाणे दोघांपुरती राहत नाही. आवश्यक वाटल्यास तो अर्जदारास मनोविकारतज्ज्ञाकडे मूल्यमापनासाठी पाठवतो किंवा जुनी कागदपत्रे मागवतो. निष्कर्षाची नोंद पुढील वर्गांत होते.

‘क्लास ए’: धोकादायक वर्तनासह विकार, किंवा असे वर्तन पुन्हा घडण्याचा संभव. या नोंदीमुळे अर्जदार वैद्यकीय कारणास्तव अपात्र ठरतो.

‘क्लास बी’: विकार आहे, परंतु धोकादायक वर्तन नाही, किंवा पूर्वी असे वर्तन घडले असले तरी ते पुन्हा घडण्याचा संभव नाही. या नोंदीमुळे अर्जदार वैद्यकीय कारणास्तव अपात्र ठरत नाही.

डॉक्टर केवळ वर्गीकरण करतो. व्हिसा देण्याचा वा नाकारण्याचा अधिकार वाणिज्य दूतावासातील अधिकाऱ्याचा असतो. अर्जदार पुढे सार्वजनिक भार होईल काय, याचा विचार करताना वय, शिक्षण व सांपत्तिक स्थिती यांबरोबर प्रकृतीही विचारात घेतली जाते.

उपचार करणाऱ्या डॉक्टरांचे पत्र या टप्प्यावर महत्त्वाचे ठरते. रोगनिदान, उपचारांचा कालावधी, सध्याची औषधे, पूर्वीच्या एखाद्या घटनेचे स्वरूप आणि पुढील काळाविषयीचे मत या पत्रात असल्यास पुनरावृत्तीच्या संभवाविषयी डॉक्टरांस कागदोपत्री आधार मिळतो.

माहिती दडवण्याचे परिणाम

व्हिसा मिळवण्यासाठी महत्त्वाच्या वस्तुस्थितीविषयी हेतुपुरस्सर खोटी माहिती देणाऱ्यास कायद्याने कायमचे अपात्र ठरवले आहे. त्यातून सूट मागता येते. परंतु त्यासाठी अर्जदाराचा पती, पत्नी, आई किंवा वडील अमेरिकेचे नागरिक वा कायम रहिवासी असावे लागतात आणि त्यांना पराकाष्ठेचा त्रास होईल असे सिद्ध करावे लागते.

दडवलेली प्रत्येक गोष्ट ‘महत्त्वाची’ ठरतेच असे नाही. मात्र ज्या चौकशीतून अपात्रता उघड होऊ शकली असती ती चौकशीच खोट्या उत्तरामुळे बंद झाली, तर ती बाब महत्त्वाची मानली जाऊ शकते. परिणामी, ‘क्लास बी’ मध्ये नोंदला जाऊन अडथळा न ठरणारा आजार लपवल्याने अधिक कठीण प्रश्न उभा राहू शकतो. चुकीचे उत्तर स्वतःहून व वेळीच दुरुस्त केल्यास ते खोट्या निवेदनात धरले जात नाही.

पूर्वेतिहास अन्य मार्गांनीही उघड होऊ शकतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये टोरंटो विमानतळावर एका कॅनेडियन लेखिकेस २०१२ मधील नैराश्याच्या उपचारांचा उल्लेख करून अमेरिकेत प्रवेश नाकारण्यात आला. २०१४ मध्ये ऑन्टारिओच्या माहिती व गोपनीयता आयुक्तांनी अहवाल प्रसिद्ध केला. आत्महत्येच्या प्रयत्नांच्या पोलीस नोंदी सामायिक संगणकीय प्रणालीतून अमेरिकी सीमा अधिकाऱ्यांपर्यंत पोहोचत असल्याचे त्यात दाखवून दिले होते.

अपात्रतेतून सूट

‘क्लास ए’ नोंद झालेल्या अर्जदारास आय-६०१ या अर्जाद्वारे सूट मागता येते. त्यासोबत सविस्तर वैद्यकीय अहवाल जोडावा लागतो आणि अमेरिकेत पोहोचल्यावर उपचारांची कोणती व्यवस्था आहे, हे दाखवावे लागते. सीडीसी या अहवालाचे परीक्षण करते. उपचारांनंतर प्रकृतीत टिकाऊ सुधारणा झाल्यास पुन्हा तपासणी होऊन वर्ग बदलू शकतो.

भारतातील संदर्भ

मुंबईतील अमेरिकी वाणिज्य दूतावासात स्थलांतरित व्हिसाच्या मुलाखती होतात. अमेरिकी नागरिकांच्या भावंडांच्या प्रवर्गात भारतीयांना दीड दशकाहून अधिक काळ थांबावे लागते आणि वैद्यकीय तपासणी या प्रतीक्षेच्या अगदी अखेरीस येते. मूळ अर्ज दाखल झाला तेव्हा नसलेला आजार मधल्या वर्षांत होऊन, बराही झालेला असू शकतो. मुलांनी बोलावून घेतलेल्या वृद्ध आईवडिलांच्या बाबतीत स्मृतिभ्रंशाचा प्रश्नही उद्भवतो. तेथेही वर्तनाचाच निकष लागू होतो.

मानसिक आजार विवाहसंबंधांच्या भीतीने नात्यागोत्यात झाकून ठेवण्याची प्रवृत्ती महाराष्ट्रातही आढळते. आत्महत्येच्या प्रयत्नाबाबत त्यात कायद्याच्या धाकाची भर होती, कारण भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ नुसार तो गुन्हा होता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम ११५ ने असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ सारखी सर्वसाधारण तरतूद नाही. २०१७ च्या याच कायद्याने रुग्णास गोपनीयतेचा आणि स्वतःच्या वैद्यकीय नोंदी मिळवण्याचा हक्कही दिला आहे. जुन्या उपचारांची कागदपत्रे मिळवताना या हक्काचा उपयोग होतो.

इतर देश

कॅनडाच्या कायद्यात सार्वजनिक सुरक्षिततेस धोका आणि आरोग्य व समाजसेवांवरील अतिरिक्त भार हे निकष आहेत. भाराची खर्चमर्यादा २०१८ मध्ये तिप्पट करण्यात आली. खोटी माहिती दिल्यास तेथे ५ वर्षे प्रवेशबंदी होते. ऑस्ट्रेलियातही उपचारांच्या अपेक्षित खर्चाचा विचार होतो व काही व्हिसाप्रकारांत सूट मिळते. ब्रिटनमध्ये ६ महिन्यांहून अधिक काळासाठी जाणाऱ्या भारतीयांना क्षयरोगाची तपासणी आवश्यक असते. तिच्यात मानसिक आजाराच्या निकषाचा समावेश नाही.

हे सुद्धा पहा

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७
एलिस बेट
ग्रीन कार्ड
नैराश्य