हरणाची गोळी आणि सरकारची धास्ती

चितळाचा नर साधारण सत्तर-ऐंशी किलोंचा, सांबराचा त्याच्या तिप्पट. एकाला पुरणारी गोळी दुसऱ्याला अपुरी पडेल, हे कोणीही सांगेल. तरीही आपल्याकडे हरणासाठी रायफल निवडताना जनावराच्या वजनापेक्षा सरकारच्या धास्तीचाच विचार अधिक झाला, असे माझे मत शस्त्र कायदे आणि शिकारकथा शेजारी ठेवून वाचताना बनत गेले.

सत्तावनच्या बंडानंतरची धास्ती १८७८ च्या शस्त्र कायद्यात उतरली. हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार नाही, युरोपियनांना सूट. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने त्याविरुद्ध ठराव केला. पुढे प्रश्न नळीच्या आतल्या व्यासाचा, म्हणजे बोअरचा झाला. ब्रिटिश फौजेने १८८८ मध्ये .३०३ बोअर स्वीकारली. सांबराला ही गोळी उत्तम. पण नेमकी तीच खासगी शिकाऱ्याला वर्ज्य ठरली. छावणीतून चोरलेले काडतूस घरच्या रायफलीत बसता कामा नये, हा त्यातला हिशेब. वाघ-गव्यासाठीच्या .४५० बोअरवरही याच तर्काने बंदी आली, तेव्हा विलायती कारागिरांनी .४७० आणि .४६५ काढून वाट शोधली.

हरणाच्या शिकाऱ्याच्या वाट्याला आली .३१५. हिचे काडतूस मुळात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या फौजेचे, आठ मिलिमीटर मानलिखरचे. परक्या शिपायाचे चालेल, आपल्या शिपायाचे नको! बीएसए कंपनीने या बोअरची रायफल हिंदुस्थानसाठी बनवली, स्वातंत्र्यानंतर ईशापूरच्या सरकारी कारखान्याने. गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे जवळजवळ सोळा ग्रॅमची. जड आणि मंद. दाट रानात शंभर यार्डांच्या आत चितळ काय, सांबर काय, दोन्हींना ती पुरते. उघड्या माळावर दूरच्या काळविटावर नेम धरला, तर मात्र ती लवकर खाली झुकते. तिथे .२७५ रिग्बी सरस. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना १९०७ मध्ये भेट मिळाली ती हीच. तिचे काडतूसही लष्करीच, जर्मन माऊझरचे. दक्षिण आफ्रिकेत बोअरांनी (हे बोअर निराळे) ते इंग्रजांवरच झाडले होते. तरी परवान्याला अडचण नव्हती, कारण हिंदुस्थानातल्या छावण्यांत ते सापडत नव्हते.

१९५९ मध्ये आपण स्वतःचा शस्त्र कायदा केला; .३०३ निषिद्धच राहिली. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर कडक बंधने आली, १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवाने संपले. .३१५ मात्र परवान्यावर आजही मिळते, पीक राखायला आणि जीव राखायला.