काशीतील दहा महिने आणि पुण्यातील एक संस्था

काशीच्या घाटांलगतच्या जुन्या वस्तीत, दूधविनायक, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या परिसरांत, मराठी कुटुंबे अनेक पिढ्यांपासून नांदत आली आहेत. शास्त्राध्ययनासाठी महाराष्ट्रातून काशीस जाण्याची परंपरा फार जुनी आहे. गागाभट्टांचे भट्ट घराणेही मूळचे पैठणचेच. या परंपरेत विद्यार्थ्याचे भवितव्य दोन गोष्टींवर ठरत असे : गुरू त्याला स्वीकारतो का, आणि अध्ययनकाळात त्याच्या उदरनिर्वाहाची सोय होते का. विसाव्या शतकात याच नगरीच्या दक्षिण टोकाला बनारस हिंदू विद्यापीठ उभे राहिले आणि तेथे आधुनिक विज्ञानाचे संशोधन सुरू झाले. हे दोन प्रश्न मात्र तसेच राहिले.

१९३२ मध्ये मदनमोहन मालवीयांच्या निमंत्रणावरून विष्णु वासुदेव नारळीकर या विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले. ते मूळचे कोल्हापूरचे. केंब्रिजची ट्रायपॉस परीक्षा त्यांनी उज्ज्वल यशाने पार केली होती आणि तेथील रॅले पारितोषिकही मिळवले होते. आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षता सिद्धांतावर तेव्हा भारतात मोजकेच अभ्यासक काम करीत असत. नारळीकरांमुळे काशी हे या विषयाचे एक केंद्र बनले.

१९४२ मध्ये एक तरुण पत्नी आणि तान्ह्या मुलीसह त्यांच्याकडे आला. प्रल्हाद चुनीलाल वैद्य हे त्याचे नाव. जन्म सौराष्ट्रातला, शिक्षण मुंबईतले, वृत्ती गांधीवादी. हाताशी नोकरी नव्हती, शिष्यवृत्तीही नव्हती. होती ती थोडी शिल्लक. तिच्यावर संसार चालवीत सुमारे दहा महिने ते काशीत राहिले आणि नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी सापेक्षतेचा अभ्यास केला.

त्या काळातील एक अवघड प्रश्न असा होता. गोलाकार ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वीय क्षेत्राचे गणिती उत्तर कार्ल श्वार्ट्सशिल्ड यांनी १९१६ मध्ये दिले होते. परंतु त्यात ताऱ्याबाहेरचे अवकाश पूर्णपणे रिकामे मानले होते. खरा तारा सतत प्रकाश बाहेर टाकतो. त्या प्रारणाला ऊर्जा असते, म्हणून त्याचाही गुरुत्वावर परिणाम होतो. शिवाय ऊर्जा गमावणाऱ्या ताऱ्याचे वस्तुमान घटत जाते. हे सारे विचारात घेणारे उत्तर वैद्यांनी शोधले आणि ते १९४३ मध्ये ‘करंट सायन्स’ या भारतीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. १९६० च्या दशकात क्वेसार आणि ताऱ्यांचे गुरुत्वीय अवपतन यांकडे शास्त्रज्ञांचे लक्ष वळले, तेव्हा या कार्याचे मोल जगाला उमगले. आज ते ‘वैद्य मेट्रिक’ या नावाने ओळखले जाते.

शिल्लक संपली आणि वैद्यांना काशी सोडावी लागली. पुढे अध्यापन करीत त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. गुरूने त्यांना विषय दिला, दिशा दिली. परंतु अकरावा महिना देण्याची व्यवस्था कोणाकडेच नव्हती.

व्यक्तीवर विसंबलेल्या या पद्धतीची दुसरी बाजू अधिक कठोर होती. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत (पुढे कमला सोहोनी) यांना बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश हवा होता. संस्थेचे संचालक चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी त्या स्त्री असल्याच्या कारणावरून तो नाकारला. कमलाबाईंनी हट्ट सोडला नाही, तेव्हा एक वर्ष त्यांचे काम पारखून पाहण्याच्या अटीवर त्यांना घेण्यात आले. तेथे त्यांना श्रीनिवासय्यांसारखे चांगले मार्गदर्शक लाभले आणि १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी.ही मिळाली. वैद्यांसाठी जे दार उघडले, ते कमलाबाईंसाठी आधी बंद झाले. दोन्ही ठिकाणी निर्णय एकाच माणसाच्या हाती होता.

वैद्य काशीस आले, त्या वर्षी नारळीकरांचा थोरला मुलगा जयंत चार वर्षांचा होता. विद्यापीठाच्या परिसरात वाढलेल्या या मुलासाठी घरात फळे होते आणि त्यांवर मोरूमामा गणिती कोडी लिहून ठेवीत. असे घर फार थोड्या मुलांच्या वाट्याला येते. जयंत नारळीकर केंब्रिजला गेले, तेथे फ्रेड हॉइल यांच्याबरोबर त्यांनी संशोधन केले आणि १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यात ‘आयुका’ स्थापन केली, तेव्हा तिचे संस्थापक संचालक तेच झाले.

आयुकाचा पाया एका साध्या जाणिवेवर उभा होता. देशातील बहुसंख्य विद्यार्थी विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत शिकतात, तर ग्रंथालये, संगणक व दुर्बिणी मोजक्या संशोधन संस्थांत एकवटतात. म्हणून देशभरातील अध्यापकांना आयुकाचे सहयोगी नेमण्यात आले. त्यांनी ठरावीक काळ पुण्यास येऊन काम करावे, प्रवास आणि निवासाचा भार संस्थेने उचलावा, आणि परतल्यावर त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना संशोधनात सामावून घ्यावे, अशी ती योजना होती. पदव्युत्तर अभ्यासक्रम, उन्हाळी प्रकल्प आणि पाठ्यवृत्त्या यांची जोड तिला मिळाली. राजस्थानातून आलेले आणि पुण्यात विष्णु वासुदेव नारळीकरांकडेच पीएच.डी. केलेले नरेश दधीच २००३ मध्ये या संस्थेचे दुसरे संचालक झाले.

जयंत नारळीकरांचे २० मे २०२५ रोजी निधन झाले. त्यांच्या संशोधनाची आणि विज्ञानकथांची चर्चा पुष्कळ झाली. संशोधनाचे मार्गदर्शन एका घरापुरते न ठेवता त्याला नियम, निधी आणि जागा मिळवून देण्याचे त्यांचे कार्यही तितकेच स्मरणीय आहे. आज संशोधनाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याने मार्गदर्शकाची कीर्ती अवश्य पाहावी. त्याबरोबरच पाठ्यवृत्ती किती काळ मिळेल, ती वेळेवर मिळते का, मतभेद झाल्यास दाद कोठे मागायची, हेही विचारावे. १९४२ मध्ये हे प्रश्न विचारायला वैद्यांना जागाच नव्हती.